पेटीत काय नको, ते आधी सांगतो

पत्र: "मिस्त्रीकाका, आम्ही अंबाजोगाईचे तिघं जण, म्हणजे मी, माझा मेहुणा आणि एक मित्र, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझी २०१६ची डिझेल थार घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला निघालोय. बर्फात गाडी घालायची ही पहिलीच वेळ. इकडून तिकडून जमवलेली सामानाची यादी ६४ वस्तूंची झाली आहे, सोबत जोडतो. मेहुणा म्हणतो, इंजेक्टर, क्लच प्लेट, अल्टरनेटर सगळं घ्या, तिथं काही मिळत नाही. मित्र म्हणतो, पाना-पक्कड घ्या, बाकी देव आहे. जालन्याहून पत्र्याची मोठी पेटी आणली आहे. ती वर कॅरियरला बांधून मजबूत कुलूप लावणार आहोत. नेमकं काय घ्यावं आणि काय नको?"

तुमची यादी दोनदा वाचली. तिच्यात जंपर केबल दोन ठिकाणी आहे आणि १० नंबरचा पाना कुठेच नाही. म्हणजे यादी करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं बॅटरी कधी काढलेली नाही, हे उघड आहे. तिथं तुम्हाला ती रोज रात्री काढावी लागेल, त्यामुळे १० नंबरचे दोन पाने घ्या. एक हमखास हरवतो. आमच्या गॅरेजात इतक्या वर्षांत किती १० नंबर गेले, त्याचा हिशेब लागत नाही.

आता मेहुण्यांचं. तिथं काही मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण नवा इंजेक्टर नेला तरी तो बसवणार कोण? तुमच्यासारख्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल फवारणाऱ्या इंजिनांत बहुतेक वेळा नव्या इंजेक्टरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि ते काम आमच्याकडे पिटावर, दोन पोरं हाताशी असताना अर्धा दिवस खातं. उणे १५मध्ये रस्त्याच्या कडेला ते होत नसतं. क्लच घसरतोय का, बेअरिंग वाजतंय का, हे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथंच बघून घ्या. संशय असेल तर इथंच बदला. तो खर्च पेटीत भरून नेऊ नका.

माझं माप सोपं आहे. जो भाग तुम्ही हातमोजे घालून, आपल्या अंगणात, अर्ध्या तासात, मला फोन न करता बसवू शकता, तेवढाच पेटीत घ्या. या मापाला तुमच्या ६४पैकी निम्म्याही वस्तू उतरणार नाहीत.

हे माप मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका मित्राच्या जीपमधून आम्ही स्पितीच्या वाटेवर, किन्नौरमधल्या पूहकडून नाकोचा घाट चढत होतो. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. दोन्ही एकदम झालं की समजायचं, इंजिनाचा पट्टा (फॅन बेल्ट) गेला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. आम्ही निवांत होतो, कारण नवाकोरा पट्टा प्लॅस्टिकच्या वेष्टनात सोबत होता. वेष्टन फाडलं, पट्टा चढवायला घेतला, तर तो चार बोटं तोकडा! गाडी एसीची होती आणि दुकानदारानं बिगर एसीचा पट्टा दिला होता. दुकान कुठलं ते सोडा. त्याच्याइतकीच चूक आमची होती, घरी तो एकदाही लावून बघितला नव्हता. साडेतीन तास वाऱ्यात उभे राहिलो. शेवटी एक स्थानिक पिकअपवाला आला. त्याच्या सीटमागे सुतळीत ओवलेले पाच-सहा जुने पट्टे लटकत होते. पाठीवरचे छापील आकडे वाचत त्यानं एक काढला आणि तो बसला. पैसे म्हणाल तर त्यानं घेतले नाहीत. धपाट्यांचा डबा मात्र घेतला, आणि डबाही परत दिला नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. नवं गाडीला लावायचं आणि उतरवलेलं जुनं पेटीत टाकायचं. निघायच्या पंधरा दिवस आधी नवा पट्टा चढवा. जुना फाटलेला, चिरलेला नसेल तर तोच तुमचा स्पेअर. तो या गाडीला बसतो, याची खात्री करायला नको, कारण तो कालपर्यंत तिच्यावरच फिरत होता. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचं तसंच करा. वायपरच्या पात्यांचं आणि हेडलाइटच्या बल्बचंही. आणखी एक फायदा आहे. या निमित्तानं प्रत्येक गोष्ट तुमच्या हातानं एकदा उघडली आणि लावली जाते, त्यामुळे कुठला पाना लागतो तेही कळतं. जो पाना लागला तो बाजूला ठेवत जा. शेवटी जो ढीग होईल तीच तुमची हत्यारांची यादी, ती कुणाकडून मागवायची गरज नाही.

यात एक अपवाद आहे, डिझेल फिल्टर. जुना ठेवून उपयोग नाही. एक नवा गाडीला लावा आणि त्याच नंबरचा दुसरा नवा पेटीत ठेवा. का, ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला ही भानगड माहीतच नसते. परभणीत पारा चार-पाचवर आला की कृषी विद्यापीठातला आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि आपण शेकोटीभोवती बसून हुरडा खातो. तेवढ्या थंडीचं आपल्या डिझेलला काही वाटत नाही. स्पितीतल्या काझामध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे २०च्या आसपास जातो. त्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी आधी पांढुरकी होते आणि मग थिजते, अगदी तसंच. टाकीत ते गढूळ होतं आणि सगळ्यात आधी फिल्टर तुंबतो. गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि धापा टाकून बंद पडते. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल काढलं, ते याच कारणासाठी.

म्हणून आपल्याकडून भरलेलं डिझेल वर नेऊ नका. टाकी शिमल्याच्या पुढे जवळजवळ रिकामी होईल असा हिशेब धरा आणि किन्नौरमधल्या रिकाँग पिओच्या भागात तिथल्या पंपावर भरा. पुढे काझाला पंप आहे. मधलं अंतर २०० किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाटात आणि लो गिअरमध्ये गाडी किती पिते ते तुम्हाला ठाऊक आहेच. २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन पुरे. डिझेल थिजू नये म्हणून मिळणारं औषध टाकायचं असेल तर ते डिझेल पातळ असतानाच टाका. एकदा थिजल्यावर वरून ओतून काही होत नाही. रॉकेल मिसळायची जुनी युक्ती कुणी सांगेल. जुन्या पंपाच्या इंजिनाला ती चालायची. कॉमन रेलच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, त्याला रॉकेल पाजू नका. सकाळी फिल्टर तुंबलाच, तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्याभोवती गुंडाळून दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर नवा फिल्टर लावा. त्यातली हवा हातपंपानं कशी काढायची, ते मात्र इथंच दोनदा करून बघा. कुणी टाकीखाली बोळे पेटवायचा सल्ला दिला तर नमस्कार करून पुढे जा.

रेडिएटरबद्दल विचारायलाही भीती वाटते. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत बोअरचं पाणी असतं. उन्हाळ्यात तेच चालतं, फार तर क्षार साचतात. तिथं ते पाणी रात्रीत गोठून फुगेल आणि रेडिएटर फोडेल, नशीब वाईट असेल तर ब्लॉकसुद्धा. सगळं पाणी काढा, दोनदा धुवा आणि कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. तयार मिसळलेलं कूलंट घेतलंत तर त्यात आणखी पाणी घालू नका. डब्यावर वाचा, तिथं लिहिलेलं असतं. वर एक डबा जादा घ्या. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही काढून थंडीत न गोठणारं द्रव भरा, नाहीतर ती टाकीही फुटते आणि मोटरही जाते. इंजिन ऑइल तुमच्या पुस्तकात थंड प्रदेशासाठी जे सांगितलंय तेच, आणि डब्यावरच्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा (थंडीतल्या घट्टपणाचा) जितका लहान तितकं बरं. २०डब्ल्यू तिथं सकाळी काकवीसारखं होतं. स्टार्टर ते फिरवता फिरवता रडतो.

बॅटरी. उणे १८ला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि घट्ट झालेलं इंजिन फिरवायला लागते जास्त ताकद. तीन वर्षांहून जुनी असेल तर इथंच बदला. पूर्ण भरलेली बॅटरी तिथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली मात्र उणे १०च्या आसपासच गोठून फुटू शकते. म्हणून गाणी ऐकत बसू नका. रात्री काढताना आधी काळी वायर, मग लाल. लावताना उलट, आधी लाल. उशाशी नको, खोलीच्या कोपऱ्यात घोंगडीत गुंडाळून ठेवा. सकाळी चावी अर्धी फिरवून ग्लो प्लगचा (इंजिन आतून तापवतो त्याचा) दिवा विझेपर्यंत थांबा, असं दोनदा करा, मग क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा.

घोंगडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तुमच्या यादीत चमकदार थर्मल चटया आहेत. राहू द्या. आपल्या धनगराची एक जुनी घोंगडी घ्या. ओली झाली तरी ऊब देते. गाडीखाली पाठ टेकून झोपायला, रात्री बॉनेट झाकायला आणि दोर ताणताना त्यावर टाकायला ती कामी येते. (सकाळी बॉनेटवरून ती काढायला विसरू नका. एकदा आम्ही विसरलो होतो आणि वासावरून कळलं.)

दोराबद्दल मात्र ऐका. पत्रात तुम्ही विहिरीवरचा नाडा नेतोय असं लिहिलंय. नाडा बैलासाठी बरा. दोन टनांची गाडी झटक्यानं ओढायला, गाडीच्या वजनाला साजेसा, थोडा ताण खाणारा टो-पट्टा आणि तो अडकवायला दोन चांगले डी-शॅकल (पिनेच्या लोखंडी कड्या) घ्या. तारेचा दोर नको, तो तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि माणूस कापतो. ताणलेल्या पट्ट्यावर मध्यभागी घोंगडी टाकायची ती यासाठीच. तो तुटलाच तर खाली बसतो. आणि हुक कुठे लावायचा ते दिवसाउजेडी बघून ठेवा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर लावू नये, तो निसटला की तोफगोळाच.

रुतलेली गाडी काढणं तुम्हाला मी काय शिकवणार? काळ्या रानात पावसात ट्रॅक्टर काढत मोठे झालेले आपण. पण चिखलातली एक खोड बर्फात सोडावी लागते, ती म्हणजे ॲक्सिलरेटर दाबत राहणं. चिखलात चाक खाली जाऊन कधीतरी कडक जमीन पकडतं. बर्फावर ते फिरून फिरून खालचा थर वितळवतं आणि त्याची काच करतं. म्हणून थांबा, फावडं घ्या, चाकापुढचं उकरा आणि खाली पोतं घाला. मोंढ्यातून सहा रिकामी तागाची पोती आणा. प्लॅस्टिकची नकोत, ती घसरतात. दोन पोत्यांत थोडी वाळू भरून ठेवा. चाकाखाली टाकायला राख मिळाली तर त्याहून बरी, ती तिथल्या प्रत्येक चुलीत आहे. बाटली जॅकसोबत दीड इंच जाडीचं, हातभर लांबीचं फळकूट हवंच. ते नसेल तर जॅक बर्फात जातो आणि गाडी जिथल्या तिथे राहते. उंच लिव्हरचा तो लांबलचक जॅक आणि विंच यादीतून काढा. दोन्ही चांगली हत्यारं आहेत, पण पहिल्या खेपेला दात पाडून घ्याल.

साखळ्या जालन्यात मिळणार नाहीत. लोखंड तिथं ढीगभर आहे, पण टायरवर घालायच्या बर्फाच्या साखळ्या चंदीगड किंवा शिमल्याकडे बघा, नाहीतर मागवून घ्या. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा आणि साखळीच्या खोक्यावरचा आकडा अक्षरशः जुळला पाहिजे. मग एका रात्री अंगणात, दिवा बंद करून, डोक्याला टॉर्च लावून, हातमोजे घालून त्या चढवा. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील आणि मेहुण्यांशी भांडण होईल. ते भांडण अंबाजोगाईत झालेलं बरं. तिसऱ्यांदा दहा मिनिटांत होईल. साखळी घातल्यावर शंभर पावलं जाऊन पुन्हा ताणायची, ताशी तीसच्या आत चालवायची आणि डांबर दिसलं की काढायची.

टायरच्या हवेचं एक गंमतशीर गणित आहे. इथं तिशीच्या तापमानात भरलेली ३२ पौंड हवा उणे १५मध्ये सहा-सात पौंडांनी उतरते. पण काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेजवर चारेक पौंड परत चढलेले दिसतात. अंदाजावर जाऊ नका. स्वतःचं गेज ठेवा आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. बारा व्होल्टचा पंप आणि ट्यूबलेसचं पंक्चर किट घ्या. स्टेपनी एकच पुरे, पण तिच्यात हवा असावी. हसू नका, मी बघितलंय.

बाकी किरकोळ. फ्यूज आणि दोन रिले. ब्रेक ऑइलची बंद बाटली, उघडलेली नको, ती ओलावा ओढते. बाइंडिंग वायर, नळीचे क्लॅम्प, पक्कड, डिसमिस, रिंग पाने आठपासून एकोणीसपर्यंत, गोटी पान्याचा लहान संच, चाकाचा पाना आणि त्यावर चढवायला दोन फुटी पाइप, कारण थंडीत आवळलेलं नट हातानं सुटत नाही. प्लॅस्टिकच्या केबल टाय तिथं काटकीसारख्या मोडतात. दोन पुड्या मिसळून लावायचा डिंक थंडीत वाळतच नाही. तो लावायचाच तर पुड्या आधी अर्धा तास बगलेत धरा, आणि लावलेली जागाही उबदार ठेवा. चहासाठी नेलेली छोट्या डब्याची गॅस शेगडी दगा देते. त्यातला ब्यूटेन शून्याखाली वाफच धरत नाही. उघड्या हातानं पाना धरू नका, कातडी चिकटते.

यादीतल्या दोन गोष्टींवर मी लाल फुली मारली आहे. एक, गाडीत पेटवायची शेगडी. दोन, 'इंजिन चालू ठेवून झोपणे' ही नोंद. बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर आत येतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. अडकलात तर आधी फावड्यानं सायलेन्सर मोकळा करा, इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. तिघांपैकी एक जण जागा राहील. खोलीत अंगीठी असेल तिथंही हाच नियम.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ब्रेक लायनर ड्रमला गोठून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. दारांच्या रबरांना निघायच्या आधी ग्लिसरीन चोळा.

आता तुमची पत्र्याची पेटी. ती वर कॅरियरवर नको. वजन वर गेलं की घाटात गाडी डुलते, आणि नेमका इंजिनाचा पट्टा तुटतो तेव्हा वर चढून बर्फ झटकणार कोण? पाने एका जुन्या जीन्सच्या कापडात खाचा शिवून गुंडाळा. ती गुंडाळी, फावडं आणि घोंगडी मागच्या सीटवर, हाताच्या अंतरावर ठेवा, कारण मागचं दार गोठून बसू शकतं. साखळ्या, जॅक, दोर आणि पोती मागे खाली, पट्ट्यानं घट्ट बांधून. पेटी न्यायचीच असेल तर तीही खालीच ठेवा आणि ते मजबूत कुलूप घरी सोडा. त्यात पाणी शिरून रात्री ते गोठतं. वरून उकळतं पाणी ओतलंत तर दहा मिनिटं उघडतं आणि नंतर आणखी घट्ट बसतं. कडीला सुतळीची सरकगाठ मारा, हातमोज्यातूनही ती सुटते.